शुभवर्तमानं पुरावा म्हणून वाचली तर: ऐतिहासिक येशू किती हाती लागतो?

पोथीनिष्ठ

येशूवरची चर्चा आपल्याकडे दोनच वळणं घेते. एक तर "चार चार साक्षीदार आहेत, आणखी काय हवं?" नाहीतर "सगळी बनवाबनवी, असा माणूस झालाच नाही." दोन्हीकडच्या मंडळींनी ग्रंथ उघडलेला नसतो. म्हणून हा धागा.

तो देव होता का, तिसऱ्या दिवशी उठला का, हे इथे नको. इतिहासाच्या हत्यारांनी ते सुटत नाही. प्रश्न एवढाच: इ.स. ३० च्या आसपास गालीलात वावरलेल्या एका माणसाबद्दल बायबलच्या नव्या करारातली चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या आयुष्यावरचे चार ग्रंथ, काही पुरावा देतात का, आणि देत असतील तर नेमका कशाचा?

आधी सामग्री बघू. येशू बोलायचा अरामी, चारही ग्रंथ आहेत ग्रीकमध्ये. बहुतेक अभ्यासक मार्क इ.स. ७० च्या आगेमागे धरतात, मत्तय आणि लूक ८० ते ९०, योहान ९० ते १००. लेखकाने आपलं नाव मजकुरात कुठेच घातलेलं नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान अशी चार नावं एकत्र आणि ठामपणे येतात ती इरेनियस या ख्रिस्ती बिशपाकडे, इ.स. १८० च्या सुमारास.

प्रतींचं म्हणाल तर सर्वांत जुना मानला जाणारा तुकडा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. साधारण ९ बाय ६ सेंमीचा पपायरस, दोन्ही बाजूंना योहानाच्या १८व्या अध्यायातल्या मोजक्या ओळी. १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध सांगितला गेला, पण तो काळ निव्वळ अक्षराच्या वळणावरून ठरवलेला. आता बरेच जण ती मर्यादा शतकाच्या अखेरीपर्यंत आणि त्याही पुढे ताणतात. पूर्ण ग्रंथ हाती येतात ते चौथ्या शतकातल्या सायनायटिकस आणि व्हॅटिकानस या प्रतींत.

माझं मत आधीच सांगून टाकते. "साक्ष" म्हणून ही पुस्तकं कच्ची आहेत. पण नंतरच्या लेखकाने आधीच्याचा मजकूर जिथे गुपचूप दुरुस्त केलाय, त्या जागा पक्क्या पुराव्याच्या आहेत. घडलेलं काय होतं ते तिथे दिसतं, कारण ते कुणाला तरी नको होतं.

उलटतपासणी

चला, "चार साक्षीदार" इथूनच सुरू करू.

मार्कात ६६१ वचनं आहेत. त्यातली सहाशेहून जास्त मत्तयात या ना त्या रूपात सापडतात, पुष्कळदा त्याच क्रमाने आणि त्याच ग्रीक शब्दांत. नक्कल कशी ओळखायची? मार्क १३:१४ काढा. येशू बोलतोय, आणि मध्येच लेखक आपल्या वाचकाला सांगतो, वाचणाऱ्याने हे समजून घ्यावं. आता मत्तय २४:१५ काढा. तीच सूचना, त्याच जागी. दोन प्रत्यक्षदर्शींनी एकमेकांना न विचारता बोलणाऱ्याच्या वाक्यात एकाच जागी कंस टाकला, असं होत नाही. समोर कागद ठेवून उतरवलंय. लूकही मार्क वापरतो, पण २१:२० मध्ये तिथे "यरुशलेमेला सैन्यांनी वेढलेलं पाहाल" असं करतो. म्हणजे इ.स. ७० चा वेढा होऊन गेल्यावर संदिग्ध वाक्य स्पष्ट केलं.

मत्तय आणि लूक यांच्यात समान पण मार्कात नसलेली सुमारे २३५ वचनं उरतात. ती एका हरवलेल्या वचनसंग्रहातून आली असं मानतात. त्या संग्रहाचा एक तुकडाही आजवर मिळालेला नाही, आणि लूकने सरळ मत्तयच वाचला होता असं मानणाऱ्यांना त्याची गरजही लागत नाही. योहानाला मार्क माहीत होता की नाही यावर अजून भांडण आहे. हिशेब केला तर चार साक्षीदारांचा कदाचित एकच उरतो.

आणि त्या एकाचा भूगोल बघा. मार्क ७:३१ मध्ये येशू सोरहून सीदोनमार्गे गालील समुद्राकडे येतो. सीदोन सोरच्या उत्तरेला, समुद्र आग्नेयेला. ५:१ मध्ये गरसेकरांच्या मुलुखात दोन हजार डुकरं कड्यावरून पाण्यात पडतात. गरसा, म्हणजे आजचं जेराश, त्या पाण्यापासून पन्नास किलोमीटरच्या वर आहे. मत्तयाला हे खटकलं, त्याने गदरा केलं. तेही काठावर नाहीच, पण निदान जवळ आहे.

आता मुख्य मुद्दा. वधस्तंभाच्या प्रसंगातले बारकावे कुठून आले? कपडे वाटून घेणं, डोकी हलवून टवाळी, "माझ्या देवा, माझ्या देवा": तिन्ही २२व्या स्तोत्रातून. जुन्या करारातून, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातून, प्रसंग बेतता येत असतील तर घटना घडायची गरजच काय?

वसईचा_वारा

उलटतपासणी साहेब, तुमच्या पहिल्या मुद्द्याला चर्चचाही विरोध नाही, हे नोंदवून ठेवा. व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने १९६४ मध्येच तीन टप्पे मान्य केले: येशूचं स्वतःचं बोलणं-वागणं, मग प्रेषितांचा तोंडी प्रचार, मग शुभवर्तमानकारांनी आपापल्या मंडळीच्या गरजेप्रमाणे केलेली निवड आणि मांडणी. लूक तर पहिल्या चार वचनांतच सांगतो की आपल्याआधी पुष्कळांनी लिहायचा प्रयत्न केलाय. लपवाछपवी कसली?

उलट अडचण श्रद्धावंतांच्या एका सवयीची आहे, चारी कथा एकत्र कालवायची. नाताळचा गोठा वसईतला असो की गोव्यातला, त्यात मेंढपाळही असतात आणि तारा बघून आलेले मागी, म्हणजे पूर्वेचे ज्ञानी पुरुषही. मत्तयात गोठा नाही, घर आहे. लूकात तारा नाही. गोठा सुंदर दिसतो, पण अभ्यासाला बसताना तो आधी सुटा करायला हवा.

पोथीनिष्ठ

"सुटा करायला हवा", नेमकं हेच. रीत सांगते, ज्याला करून बघायचंय त्याने करावं.

एकच प्रसंग घ्या. चार उभे रकाने आखा आणि चौघांचा मजकूर वचनावार समोरासमोर लिहा. मार्क डावीकडे, कारण इतर त्याच्यावरून लिहिताहेत. मग तीन रंगांच्या पेन्सिली: पुढच्याने काय गाळलं, काय घातलं, काय हलवलं. अर्थ लावायची घाई नको. आधी सगळे बदल नोंदवा, मग सगळे बदल एकाच दिशेने जाताहेत का ते बघा. एखादा बदल लेखनशैलीचा असू शकतो. तिघे तीन वेगवेगळ्या मार्गांनी एकाच गोष्टीपासून लांब पळत असतील तर तिथे खणावं.

बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने दिलेल्या दीक्षेचा, प्रसंग घ्या. मार्क १:४ म्हणतो की योहान (बाप्तिस्मा करणारा, शुभवर्तमानवाला नव्हे) पापांच्या क्षमेसाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता, आणि १:९ मध्ये येशू येऊन तो घेतो. स्पष्टीकरण काहीच नाही. मत्तय दोन गोष्टी करतो. योहानाच्या बाप्तिस्म्याच्या वर्णनातून "पापांची क्षमा" काढून टाकतो (ते शब्द त्याच्याकडे येतात २६:२८ मध्ये, शेवटच्या भोजनात, येशूच्या रक्ताशी जोडून) आणि ३:१४-१५ मध्ये एक संवाद घालतो: योहान म्हणतो, मीच तुझ्याकडून बाप्तिस्मा घ्यायला हवा. लूक वेगळी युक्ती करतो. ३:२० मध्ये योहानाला तुरुंगात टाकून मोकळा होतो आणि ३:२१ मध्ये येशूचा बाप्तिस्मा उरकतो, देणाऱ्याचं नाव न घेता. योहानाचं शुभवर्तमान उघडा: पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरतो, योहान साक्ष देतो, बाप्तिस्मा गायब!

तिघे, तीन मार्ग, दिशा एक. वरच्या पायरीवरचा माणूस खालच्याला बाप्तिस्मा देतो, आणि इथे देणारा योहान होता. हे कुणी मुद्दाम रचलेलं नाही.

असंच ६:५ बघा. मार्क म्हणतो, गावात त्याला चमत्कार करता आला नाही. मत्तय १३:५८: त्याने फारसे केले नाहीत. मार्क ३:२१: घरचे त्याला धरायला निघाले, याला वेड लागलंय म्हणून. मत्तय आणि लूक, दोघांनीही गाळलं.

उलटतपासणी

सुंदर मांडणी, पण निष्कर्ष एक घर पुढे सरकलाय. मत्तयाला अडचण झाली ती मार्कच्या मजकुराची. घटनेची नव्हे. मार्कला स्वतःला काडीची अडचण दिसत नाही! त्याच्याकडे जन्मकथा नाही. आकाशवाणी होऊन "तू माझा पुत्र" ठरतं ते बाप्तिस्म्याच्याच वेळी. मार्कसाठी तो अभिषेकाचा प्रसंग आहे, आणि योहानाला त्याने एलीया या जुन्या संदेष्ट्याचा पोशाख चढवलाय: केसांचं वस्त्र, कमरेला कातडी पट्टा, २ राजे १:८ वरून थेट. अशा लेखकाने हा प्रसंग रचला नसेल कशावरून?

हा "अडचणीचा निकष" (लेखकाला अडचणीची गोष्ट रचलेली नसणार) वापरताना नेहमी इथेच घसरायला होतं. अडचण कुणाला, कधी, हे विचारायचं राहून जातं.

ताम्रपट

इथे बाहेरचा पुरावा उपयोगी पडतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या "पुराणेतिहास" या ग्रंथात, १८व्या भागात, बाप्तिस्मा करणारा योहान स्वतंत्रपणे येतो. गालीलचा शासक हेरोद अंतिपा याच्या सैन्याचा शेजारचा राजा अरेतस याच्याकडून पराभव झाला, आणि लोक म्हणाले की योहानाला मारल्याची ही शिक्षा. त्याला मखायरस किल्ल्यावर मारलं, कारण गर्दी जमवणारा माणूस उठाव करील ही भीती. शुभवर्तमानांतला नाच नाही, ताटातलं डोकं नाही. आणि त्या उताऱ्यात येशूचा उल्लेखही नाही. ख्रिस्ती माणसाने नंतर घुसडलेला मजकूर असता तर ही संधी त्याने सोडली नसती, म्हणून या उताऱ्यावर सहसा कुणी शंका घेत नाही.

गंमत म्हणजे योसेफस मुद्दाम सांगतो की हा बाप्तिस्मा पापक्षमेसाठी नव्हता, शरीरशुद्धीसाठी होता, मन आधीच सदाचरणाने शुद्ध झालेलं हवं. म्हणजे योहानाचा पंथ लोकांच्या आठवणीत येशूशिवाय जिवंत होता. खुद्द मार्क २:१८ योहानाचे शिष्य वेगळे दाखवतो. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसात असे लोक भेटतात ज्यांना फक्त योहानाचा बाप्तिस्मा माहीत आहे.

स्पर्धक पंथ शेजारी असताना "आमच्या गुरूने तुमच्या गुरूकडून दीक्षा घेतली" हे स्वतःहून कोण रचेल? उलटतपासणी यांच्या "अडचण कुणाला, कधी" या प्रश्नाचं उत्तर: मार्कच्या आधीपासून, त्या प्रत्येकाला ज्याचा योहानाच्या शिष्यांशी वाद व्हायचा.

उलटतपासणी

याला दहापैकी सात देतो. २२व्या स्तोत्राचं काय, ते राहिलं.

पोथीनिष्ठ

त्याकडेच येते. जुना करार आणि शुभवर्तमान जुळलं की लगेच "बेतलंय" म्हणायचं नाही, आणि "भाकीत खरं ठरलं" म्हणायचं तर मुळीच नाही. जोड कशी बसलीय ते बघायचं.

गुळगुळीत बसलेल्या जोडाचा संशय घ्यावा. सर्वांत विनोदी नमुना मत्तय २१:७. जखऱ्या ९:९ मध्ये राजा गाढवावर, म्हणजे गाढवीच्या पिलावर बसून येतो. हिब्रू काव्यात एकच गोष्ट दोनदा सांगायची पद्धत आहे. मत्तयाने दोन जनावरं मोजली आणि येशूला दोन्हींवर बसवलं. मार्ककडे एकच शिंगरू आहे. योहानाने कपड्यांचं असंच केलं: स्तोत्रातल्या जोडओळीची त्याच्याकडे दोन कृत्यं झाली, वस्त्रांचे चार वाटे आणि अंगरख्यावर वेगळ्या चिठ्ठ्या. हे बारकावे ग्रंथातून आले, घटनेतून नव्हे. कबूल.

पण ओढूनताणून बसवलेला जोड बरोबर उलटं सांगतो. मीखा ५:२ प्रमाणे मशीहा, म्हणजे यहुदी ज्याची वाट बघत होते तो राजा, बेथलेहेमचा हवा. मत्तय आणि लूक दोघेही येशूला तिथे जन्माला घालतात, पण कसं? मत्तयात कुटुंब बेथलेहेमातच राहतंय, राजा मोठा हेरोद, मग मिसर, मग भीतीने नासरेथ. लूकात कुटुंब नासरेथचंच, आणि रोमन सुभेदार क्विरीनियाच्या नावनिशीसाठी बेथलेहेमला जातं. हेरोद मेला इ.स.पू. ४ मध्ये. क्विरीनियाची नोंदणी झाली इ.स. ६ मध्ये, हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याला पदच्युत केल्यावर. मध्ये जवळपास दहा वर्षं! शिवाय पूर्वजांच्या गावी जाऊन नाव नोंदवायची रोमन पद्धत कुठे आढळत नाही, कर माणूस राहतो तिथे घेतात.

दोघांना एवढी कसरत का करावी लागली? कारण माणूस नासरेथचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते पुसता येत नव्हतं. मत्तय २:२३ तर म्हणतो, "त्याला नासोरी म्हणतील" असं संदेष्ट्यांनी सांगितलं होतं. अख्खा जुना करार चाळा, असं वचन नाही. नासरेथचं नावच त्यात नाही. भाकितावरून माणूस रचणारा लेखक भाकितात नसलेलं गाव कशाला निवडेल?

उलटतपासणी

नासरेथ दोघांनाही मार्क १:९ वरून मिळालं असेल. पुन्हा एकच साक्षीदार.

पोथीनिष्ठ

योहान १:४६, "नासरेथातून काही चांगलं निघेल काय?" आणि ७:४१-४२ मध्ये लोक आक्षेप घेतात की ख्रिस्त बेथलेहेमातून यायचा, हा तर गालीलचा. योहान त्या आक्षेपाला उत्तरच देत नाही. त्याला बेथलेहेमची कथा माहीत नाही किंवा नकोय, पण टोमणा माहीत आहे.

बाळबोध

नासरेथ त्या काळी नव्हतंच असं वाचलंय. खरं का?

ताम्रपट

नाही. योसेफसच्या लेखनात ते नाव येत नाही यावरून ती अफवा निघाली. पण तो गालीलातल्या प्रत्येक वस्तीची यादी द्यायला बसलाच नव्हता. कैसरियात १९६२ मध्ये यहुदी याजकवर्गांच्या गावांच्या यादीचा शिलालेख सापडला, तो नंतरच्या शतकांतला, पण त्यात नासरेथ आहे. २००९ मध्ये इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याला तिथेच सुरुवातीच्या रोमन काळातलं घर मिळालं. लहान खेडं होतं, एवढंच. त्यावरून येशू सिद्ध होत नाही. एक आक्षेप मात्र निकालात निघतो.

भटकंती

पण येशू तर काश्मीरला येऊन राहिला होता ना? श्रीनगरला कबर आहे. आणि बाबाराव सावरकरांनी १९४६ मध्ये तो तमिळ हिंदू असल्याचं मांडलं होतं. त्यावर कुणीच का बोलत नाही?

पोथीनिष्ठ

कारण तारखा. रशियन प्रवासी नोटोविचने लडाखच्या हेमिस मठात येशूचं चरित्र पाहिल्याचा दावा १८९४ मध्ये छापला. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले, तर तिथल्या मुख्य लामांनी असा ग्रंथ नाही आणि असा पाहुणाही आठवत नाही असं सांगितलं. श्रीनगरच्या रोझाबलला येशूची कबर ठरवलं मिर्झा गुलाम अहमद यांनी, त्याच दशकात. घटनेनंतर अठराशे वर्षं कुणालाच माहीत नसलेली माहिती, आणि तिला जुनं साधन एकही नाही. मार्क चाळीस वर्षांनी लिहितो म्हणून इथे आपण त्याची सालं काढतोय, मग हाच नियम इथेही लावा. तमिळ दाव्यालाही तोच न्याय. पुढे जाऊ.

ताम्रपट

अवांतर, पण मराठी वाचकाला चटकन कळेल म्हणून. हा वाद आपल्याकडे बखरींवरून होऊन गेलाय. राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांच्या पहिल्या खंडात बखरींना झोडपलं आणि अस्सल पत्राला मान दिला. तरी सभासदाची बखर कुणी फेकून दिली नाही. जिंजीला राजारामांच्या सांगण्यावरून लिहिणारा तो माणूस शिवकालाच्या जवळचा. शतकभराने लिहिलेली चिटणीस बखर त्याच्याशेजारी ठेवली की काय वाढलं ते दिसतं. मार्क आणि मत्तय असेच वाचायचे. फरक एवढाच की महाराजांची पत्रं आहेत, येशूचं एक अक्षर नाही.

उलटतपासणी

आणि तो फरक थोडाथोडका नाही! अस्सल कागदाशिवाय दोन बखरी एकमेकींशी ताडून तुम्ही फक्त बखरींची वाढ दाखवता.

ताम्रपट

अस्सल कागद आहे. येशूचा नाही, पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाचा. इ.स. ५० च्या दशकातला, मार्कच्याही आधीचा. सात पत्रं पौलाचीच यावर जवळपास एकमत आहे. गलतीकरांस १:१८-१९: तो यरुशलेमेला जाऊन केफाकडे (म्हणजे शिष्य पेत्राकडे) पंधरा दिवस राहिला, आणि "प्रभूचा भाऊ याकोब" याला भेटला. इतर प्रेषितांपैकी कुणाला भेटलो नाही, हे सांगताना तो "देवासमोर सांगतो, खोटं नाही" अशी शपथ घेतो. संदर्भ काय? मी यरुशलेमच्या पुढाऱ्यांचा मिंधा नाही हे त्याला सिद्ध करायचंय. भावाला भेटल्याची कबुली त्याच्या युक्तिवादाला अडचणीचीच आहे.

शिवाय करिंथकरांस पहिल्या पत्रात घटस्फोटाबद्दल "मी नव्हे, प्रभू सांगतो" (७:१०), आणि लगेच ७:१२ मध्ये "मी सांगतो, प्रभू नव्हे". म्हणजे प्रभूचं वचन आणि स्वतःचं मत तो वेगळं ठेवतो. तेच वचन मार्क १०:११ मध्ये आहे, आणि मत्तय १९:९ मध्ये जारकर्माची पळवाट जोडलेली. मूळ, मध्यंतर, दुरुस्ती, तिन्ही पायऱ्या हातात.

उलटतपासणी

"प्रभूचा भाऊ" ही पंथातली पदवी असू शकते. पौल सगळ्याच अनुयायांना बंधू म्हणतो. त्याला प्रभूचे शब्द साक्षात्काराने मिळाले असंही होऊ शकतं. भोजनाचा प्रसंग तर "मला प्रभूपासून मिळाला" असंच तो म्हणतो.

ताम्रपट

करिंथकरांस पहिल्याच पत्रात ९:५: "इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा" यांच्या बायका प्रवासात सोबत असतात. सगळेच अनुयायी "प्रभूचे भाऊ" असते तर ही यादीच वेडगळ ठरते. दुसरीकडे योसेफस, २०वा भाग: फेस्त मेला, नवा सुभेदार अल्बिन अजून पोचायचाय, या इ.स. ६२ मधल्या फटीत प्रमुख याजक हनानाने "ख्रिस्त म्हटल्या गेलेल्या येशूचा भाऊ, याकोब नावाचा" याला दगडमार करवला आणि त्यावरून पद घालवलं. इथे मुद्दा हनानाच्या बडतर्फीचा, येशू फक्त ओळख पटवायला. घुसडणारा इतका निरुत्साही नसतो.

१८व्या भागातला प्रसिद्ध उतारा मात्र जसाच्या तसा घेऊ नका. "हाच ख्रिस्त होता" असं यहुदी योसेफस लिहिणार नाही. ख्रिस्ती लेखक ओरिजेन तिसऱ्या शतकात म्हणतो की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. चौथ्या शतकात दुसरा ख्रिस्ती लेखक युसेबियस उतारा देतो, तोवर त्यात तो मानू लागलेला असतो. मध्ये कुणाचा तरी हात फिरलाय. संपूर्ण बनावट की मूळ वाक्यांवर लेप, यावर वाद चालू आहे.

वसईचा_वारा

"भाऊ" म्हणजे चुलत-मावस भाऊ असं कॅथलिक परंपरा जेरोमपासून मानते. पण या धाग्याच्या प्रश्नाला सख्खा-चुलत हा फरक लागू नाही. रक्ताचा नातेवाईक पौलाला भेटला एवढं पुरे.

रोमन इतिहासकार टॅसिटसही सांगा कुणीतरी.

ताम्रपट

इ.स. ११६ च्या सुमाराची नोंद: सम्राट तिबेर्याच्या काळात रोमन सुभेदार पिलाताने ख्रिस्ताला मारलं. शत्रुत्वाने लिहिलंय, म्हणून ख्रिस्ती हात नसावा. पण ८५ वर्षांनंतरचं आहे, आणि पिलाताचा हुद्दा तो आपल्या काळातला वापरतो. कैसरियात १९६१ मध्ये मिळालेल्या दगडावर पिलाताचा खरा हुद्दा "प्रीफेक्ट" आहे. म्हणजे सरकारी दप्तर बघून लिहिलं असेल असं वाटत नाही. ऐकीव माहिती.

उलटतपासणी

आता वधस्तंभाकडे या, कारण तिथेच सगळे "हे तरी नक्की" म्हणतात. तपशील लावून बघू.

वल्हांडण हा यहुद्यांचा सण निसान महिन्याच्या पौर्णिमेला. मार्क १५:३३ म्हणतो दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार, लूक त्याचं कारण सूर्य अंधारला असं सांगतो. पौर्णिमेला सूर्यग्रहण होत नाही हे आपल्याकडे पंचांग बघणारा कुणीही सांगेल, आणि खग्रास स्थिती कधीही साडेसात मिनिटांच्या पलीकडे जात नाही. अंधार आमोस ८:९ मधून आलाय. मत्तय २७:५२ मध्ये कबरी फुटून संत शहरात फिरतात. एवढं होऊन दुसऱ्या कुणाला पत्ता नाही.

वेळ: मार्कात सकाळी नऊला खिळलं. योहानात दुपारी बाराला अजून पिलातासमोर उभा आहे. दिवस: पहिल्या तिघांत वल्हांडणाचं जेवण आदल्या रात्री झालंय, योहानात ते व्हायचंय, कारण त्याला येशू कोकरं कापली जातात त्याच वेळी मरायला हवाय. सणाला एक कैदी सोडायची चाल, जिने येशूऐवजी बरब्बा सुटला ती, बाहेर कुठेच नोंदलेली नाही.

आणि हे घ्या. योसेफसच्या "यहुदी युद्ध" या ग्रंथात हनन्याचा मुलगा येशू नावाचा एक शेतकरी आहे. इ.स. ६२ पासून सणाच्या वेळी मंदिरात ओरडतो, यरुशलेमेला हाय हाय! पुढारी पकडतात, रोमन सुभेदारापुढे नेतात, हाडं दिसेपर्यंत फटके, तो स्वतःसाठी एक शब्द बोलत नाही. वेडा म्हणून सोडतात. सात वर्षं पाच महिने ओरडत राहतो, शेवटी वेढ्यात यंत्राचा दगड लागून मरतो. मंदिराविरुद्ध बोलणं, यिर्मया ७ चे शब्द, मौन, फटके. मार्क लिहीत होता तेव्हा ही गोष्ट ताजी होती.

पोथीनिष्ठ

हा तुमचा या धाग्यातला सर्वांत चांगला मुद्दा. मार्कने प्रसंग रंगवताना त्या येशूची छटा उचलली असणं शक्य आहे, नाकारत नाही. पण यातून वधस्तंभ येत नाही. तो येशू सुटला. तपशील उसने असू शकतात, शेवट नाही.

शेवट मार्कच्या वीस वर्षं आधी पौलाकडे आहे, आणि तो सरळ म्हणतो की हा प्रकार यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो (१ करिंथ १:२३). त्यापूर्वीच्या यहुदी लेखनात २२वं स्तोत्र मशीहाच्या मरणाचं म्हणून वाचलेलं सापडत नाही. मशीहाने जिंकायचं असतं. आधी मरण घडलं, मग लोक ग्रंथात कारण शोधायला बसले. खिळल्याचा पुरावा इतरत्र कसा दिसतो तेही बघा: १९६८ मध्ये यरुशलेमजवळ येहोहानान नावाच्या माणसाच्या टाचेच्या हाडात साडेअकरा सेंमीचा खिळा मिळाला, टोक वाकलं म्हणून निघाला नव्हता. हजारो खिळले गेले आणि हातात उरलं ते असं एखादं हाड. त्यामुळे "एवढा मोठा माणूस, वस्तूरूप पुरावा का नाही?" हा आक्षेप बाद. गालीलातल्या सुताराचा वस्तूरूप पुरावा असायची अपेक्षाच चूक.

बाळबोध

मग शेवटी किती टक्के खरं?

पोथीनिष्ठ

टक्के काढायचा प्रयोग झालाय. अमेरिकेत १९८५ पासून अभ्यासकांचा एक गट प्रत्येक वचनावर रंगीत मणी टाकून मत द्यायचा. लाल म्हणजे नक्की येशूचं, गुलाबी म्हणजे बहुधा, करडा म्हणजे शब्द त्याचे नव्हेत पण विचार जवळचा, काळा म्हणजे नाही. लाल आणि गुलाबी मिळून सुमारे १८ टक्के निघाले. गोम मोजणीत होती. लालला ३, गुलाबीला २, करड्याला १, काळ्याला ० देऊन सरासरी काढायचे. मत्तय २१ मधल्या दोन मुलांच्या दाखल्याला निम्म्याहून जास्त लोकांनी लाल-गुलाबी दिलं, पण थोड्या काळ्यांनी सरासरी ओढली आणि तो करडा छापला गेला. मतांची सरासरी म्हणजे पुरावा नव्हे.

मला विचाराल तर: नासरेथचा, योहानाकडून बाप्तिस्मा घेतलेला, देवाचं राज्य लवकरच येतंय असं सांगणारा, याकोब नावाचा भाऊ असलेला, पिलाताच्या हुकमाने खिळलेला. इथपर्यंत पाय टेकतात. "लवकरच" का धरते? मार्क ९:१ म्हणतो इथे उभ्या असलेल्यांपैकी काही जण ते बघितल्याशिवाय मरणार नाहीत. आणि योहान २१:२३ मध्ये एका शिष्याच्या मरणाबद्दलची अफवा सावरायची धडपड दिसते. न घडलेलं भाकीत कुणी मुद्दाम तोंडी घालत नाही. दाखल्यांपैकी बरेचसे त्याचे असावेत असं वाटतं. शिष्यांशी झालेले खासगी संवाद, खटल्यातली प्रश्नोत्तरं, जन्म: सोडून द्या.

उलटतपासणी

याकोब आणि वधस्तंभ यावर माझा विरोध पातळ झालाय, पण तो पौलामुळे. शुभवर्तमानांनी स्वतःच्या बळावर काय मिळवून दिलं? बाप्तिस्मा आणि नासरेथ. बस?

ताम्रपट

एक राहिलं, मार्क १५:२१. वधस्तंभ वाहायला रस्त्यातला एक माणूस धरतात: "कुरेनेकर शिमोन, आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप". ही मुलं आधी नाहीत, नंतर नाहीत. माणसाची ओळख साधारण बापावरून देतात, इथे मुलांवरून दिलीय. मत्तय आणि लूक शिमोन ठेवतात, मुलांची नावं गाळतात. सोपा अर्थ असा की मार्कच्या वाचकांना ती दोघं माहीत होती, पुढच्यांच्या वाचकांना नव्हती.

उलटतपासणी

रूफ हे नाव रोमकरांस १६:१३ मध्येही आहे, आणि किद्रोन खोऱ्यात १९४१ मध्ये "शिमोनाचा आलेक्सांद्र" कोरलेली अस्थिपेटी मिळाली, ती कुरेनेकरांची असावी असं म्हणतात. तुम्ही आता ती काढणार.

ताम्रपट

नाही काढत. शिमोन हे त्या काळच्या यहुद्यांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या नावांपैकी, आणि आलेक्सांद्रही दुर्मीळ नाही. पेटीवरून माणूस ठरत नाही. मी फक्त गाळलेल्या दोन नावांबद्दल बोलतोय.